कासवाच्या पाण्यात तुरटी फिरवू नका, भांडं घासा

घरात कासव पाळणाऱ्यांसाठी एक सल्ला गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. कासव पाणी घाण करत नाही, उलट शुद्ध करतं, म्हणून तर विहिरीत कासव सोडतात. भांड्यात तुरटीचा खडा किंवा तांब्याचं नाणं टाकावं, वर चिमूटभर हळद घालावी, मग पंधरा दिवस पाणी बदलायला नको. जमिनीवरच्या कासवाला तसंही पाणी लागत नाही. नळाचं पाणी देऊ नये, क्लोरीनने डोळे जातात. आणि भांडं धुवायचंच झालं तर फिनाईलने धुवावं. यातला एकही मुद्दा जसा सांगितला जातो तसा खरा नाही. काही नुसते निरुपयोगी आहेत, काही कासवाच्या जिवावर बेतणारे आहेत, आणि एकदोन तर घरातल्या लेकरांनाही आजारी पाडू शकतात.

मुद्द्यांकडे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव आणि आपल्या बोड्या-तलावांत सापडणारं मऊ पाठीचं कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ती कितीही शुभ मानली जावोत. घरात असं कासव असेल तर १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा आणि ते त्यांच्या ताब्यात द्या. स्वतःहून नाल्यात सोडू नका. परदेशी जातीचं कासव असेल, उदाहरणार्थ आफ्रिकेतलं सुलकाटा, तर त्याची केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. हे सुलकाटा पिल्लू असताना तळहातावर मावतं आणि पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं, हेही घेण्याआधीच माहीत असलेलं बरं. खाली लिहिलं आहे ते अशा नोंदणी केलेल्या, जमिनीवर राहणाऱ्या कासवाच्या पाण्याच्या भांड्याबद्दल. कानाजवळ लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव ही वेगळी गोष्ट आहे. त्याला भांडं नाही, फिल्टर लावलेली मोठी टाकी लागते.

आता विहिरीचा दाखला. विहिरीत सोडलं जाणारं कासव सहसा मऊ पाठीचं असतं. ते गोगलगायी, किडे, मेलेले मासे खातं हे खरं, पण जे खातं त्याची विष्ठा त्याच पाण्यात पडते. ती दिसत नाही याचं कारण पाण्याचा साठा. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ३८ हजार लिटर भरतं. घरातल्या भांड्यात, म्हणजे २५ सेंटिमीटर रुंद बशीत दीड सेंटिमीटर पाणी धरलं तर ते पाऊण लिटर. विहिरीत तीच घाण पन्नास हजार पट पाण्यात पसरते. बशीत ती कासवाच्या तोंडापुढेच राहते. शिवाय जमिनीवरचं कासव शाकाहारी असतं, गवत-पाला खातं. पाण्यातल्या अळ्या ते खात नाही. पाण्यात पाय ठेवताच शौच करणं मात्र त्याच्या सवयीत आहे, आणि घरातलं भांडं घाण होण्याचं सर्वांत मोठं कारण तेच आहे.

याच सवयीचा उपयोग करून घ्या. सकाळी खायला देण्याआधी कासवाला वेगळ्या प्लास्टिकच्या घमेल्यात कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं ठेवा. पाणी हाताला जेमतेम कोमट लागावं, ३० अंशांच्या आसपास, आणि त्याच्या हनुवटीपर्यंतच यावं. बहुतेक कासवं तिथेच शौच-लघवी करतात. ते पाणी फेकून द्या, कासव पुसून जागेवर ठेवा. पिण्याचं भांडं त्या दिवशी पुष्कळ जास्त वेळ स्वच्छ राहतं. पिल्लांना हे रोज करावं, मोठ्यांना आठवड्यातून दोनतीनदा, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्याहून अधिक वेळा. भिजत असताना तिथून उठून जाऊ नका. कासव उलटं झालं तर दोन बोटं पाण्यातही बुडून मरू शकतं.

तुरटीवर लोकांचा विश्वास जुना आहे आणि त्याला कारणही आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या गुंडात (मोठ्या घागरीत) तुरटी फिरवली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. वरचं निवळ पाणी आपण हलक्या हाताने काढून घेतो. हे वरचं पाणी काढून घेणं हाच त्या रीतीचा अर्धा भाग आहे. कासव वरचं पाणी काढून पीत नाही. ते नाकासह तोंड पाण्यात बुडवतं आणि थेट तळाजवळचं पाणी ओढतं, म्हणजे तुरटीने जिथे घाण गोळा करून ठेवली तिथलंच. वर ते त्या गाळातून चालतं आणि सगळं पुन्हा ढवळतं. विष्ठेतून पाण्यात विरघळलेले पदार्थ आणि लघवीतले क्षार तुरटीने निघत नाहीत, जंतूही भरवशाने मरत नाहीत. खडा भांड्यात पडून राहिला की पाणी आंबट-तुरट होत जातं, कारण एवढ्याशा पाण्यात त्याचं प्रमाण राखता येत नाही. पाणी निवळ दिसतं आणि म्हणून बदललं जात नाही, हे तुरटीचं सर्वांत मोठं नुकसान. हळदीबद्दल लांबण लावायची गरज नाही: ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तळाशी बसते आणि भांड्याला डाग पाडते.

तांब्याच्या बाबतीत सल्ल्यात सत्याचा अंश आहे. स्वच्छ पाणी तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलं तर त्यातले पुष्कळ जंतू मरतात. पण त्यासाठी पाणी मुळात स्वच्छ असावं लागतं, ते चारी बाजूंनी तांब्याला लागून असावं लागतं आणि काही तास जावे लागतात. विष्ठा आणि पाल्याचे तुकडे पडलेल्या पाण्यात तांब्याचा अंश त्या घाणीलाच जाऊन चिकटतो. नाण्याचा पृष्ठभाग तर अगदीच थोडा. आणि नाणं गिळलं गेलं तर पोट फाडून काढावं लागेल, जमिनीवर पडलेले खडे-तुकडे गिळण्याची खोड कासवांना असतेच.

पंधरा दिवस पाणी बदलू नका हा या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग आहे.

पहिलं कारण बोटाला कळतं. एका दिवसाच्या भांड्याच्या कडेवरून बोट फिरवा, बुळबुळीत लागेल. तो जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला थर असतो. नुसतं पाणी ओतून नवीन भरलं तर तो तसाच राहतो आणि नव्या पाण्यात काही तासांत पुन्हा जंतू सोडतो. त्याला घासणं हाच उपाय. कासवांच्या आतड्यात बारीक जंत सर्रास असतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून परत पोटात जातात. औषध देऊनही जंत पुन्हा पुन्हा होत असतील तर आधी भांड्याकडे पाहा.

दुसरं कारण आपल्या भागातलं पाणी. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे, आणि इतरत्रही बोअरचं पाणी बहुधा जड असतं. उन्हाळ्यात उथळ भांड्यातलं निम्मं पाणी एका दिवसात उडू शकतं. उडतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. रोज निम्मं उडालं आणि तुम्ही वरून तेवढंच बोअरचं पाणी घालत राहिलात, तर दहा दिवसांत भांड्यातले क्षार मूळच्या सहापट होतात. म्हणून वरून भर घालू नका, सगळं ओतून नवीन भरा. खारपाणपट्ट्यात नळयोजनेचं पाणी कासवासाठी राखून ठेवा, लागतंच किती, दिवसाला लिटरभर.

तिसरं, डास. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि गरम दिवसांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पंधरा दिवस म्हणजे एक पिढी उडून गेली. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो तो याचसाठी. ही अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि भांडं कोरडं पडलं तरी महिनोन् महिने टिकतात. इथेही नुसतं ओतून भागत नाही, कड घासावी लागते.

कासवाला पाणी लागत नाही, ते पाल्यातून मिळतं, हा समज ते रोज पिताना दिसत नाही म्हणून पसरला असावा. कासव क्वचित पितं पण एकदम भरपूर पितं, आणि ते मूत्राशयात साठवून गरजेला तिथून परत शोषून घेतं. पाणी कमी पडलं की त्याच्या लघवीतला पांढरा भाग घट्ट होत जातो आणि शेवटी खडा धरतो. भांड्यात किंवा घमेल्यात दिसणारा हा पांढरा भाग टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक. बोटांत चोळल्यावर वाळूसारखा करकरीत लागला तर कासवाला पाणी कमी पडतं आहे. जड पाण्याचा पांढरा थर याहून वेगळा ओळखू येतो: तो पाण्याच्या रेषेवर कड्यासारखा बसतो आणि व्हिनेगर लावल्यावर फसफसतो. पाण्यात शेंबडासारखे धागे दिसले तर ते नाकातून आलेले असू शकतात. तेव्हा भांडं धुऊन थांबू नका, पशुवैद्याला दाखवा.

नळाच्या क्लोरीनने डोळे जातात, हेही खोटं. पिण्याच्या पाण्यात टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा दंडक आहे. तेवढ्याने कासवाला काही होत नाही, उलट पाणी थोडा जास्त वेळ चांगलं राहतं. ग्रामपंचायतीने विहिरीत नुकतीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली असेल आणि वास उग्र येत असेल तर पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून वापरा. कासवाचे डोळे सुजले तर ते जीवनसत्त्व अ कमी पडल्याने किंवा घाण पाण्यातल्या जंतूंनी असू शकतात.

राहिलं फिनाईल. त्यातले घटक सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी असतात आणि मातीच्या भांड्यात ते मुरून राहतात. भांड्याला फिनाईल, डेटॉल, फरशीचं सुगंधी औषध यातलं काहीही लावू नका.

भांडं कडेला उतार असलेलं, चकचकीत चिनीमातीचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या. कुंडीखालची बशी चालते. स्टीलचं ताट हलकं असतं, कासव ते उलटवतं, आणि घसरतंही. चकाकी नसलेल्या मातीचं परळ झिरपतं, खालची जमीन ओली राहते आणि पोटाकडच्या कवचाला बुरशी धरते. ते वापरायचंच असेल तर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढा. भांड्याखाली आणि सभोवती वीतभर शहाबादी फरशी टाका, म्हणजे पायाची माती पाण्याआधी तिथेच झडते. कासवाच्या उबेसाठी लावलेल्या दिव्याच्या खाली आणि पाल्याच्या शेजारी भांडं ठेवू नका.

अशी दोन भांडी असू द्या, एक वापरात, एक उन्हात. रोज सकाळी पाणी झाडाच्या बुडाशी ओता, पण सांभार (कोथिंबीर) किंवा पालकाच्या वाफ्यात नको, कारण तो पाला आपण कच्चा खातो. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जुलाब करणारे जंतू असू शकतात. लहान मुलं कासव तोंडात घालत, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. तेव्हा हे भांडं जेवणाच्या भांड्यांबरोबर घासू नका. वेगळा ब्रश, वेगळी जागा, चार थेंब भांडी घासायचं लिक्विड, कड आणि कोपरे जोर लावून, मग फेस जाईपर्यंत पाणी. नंतर साबणाने हात धुवा, आणि पाच वर्षांखालच्या लेकरांना हे काम देऊ नका.

आठवड्यातून एकदा, घासून झाल्यावर, क्लोरीन. क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाण असेल तर क्लोरीन तिच्यावरच संपून जातो. एक लिटर पाण्यात सुगंध न घातलेलं साधं ब्लीच ३० मिलिलिटर, किंवा टीसीएल पावडर ५ ग्रॅम घालून ढवळा, चुना तळाशी बसू द्या आणि वरचं निवळ पाणी भांड्यात भरा. दहा मिनिटांनी ओतून तीनचारदा खळखळून धुवा. वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका. हे अंगणात, मोकळ्या हवेत करा. अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर त्याच वेळी कधीही वापरू नका, विषारी वायू सुटतो. पांढरा थर काढायचा तर दुसऱ्या दिवशी. टीसीएलची उघडी पुडी दमट हवेत ताकद घालवते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जंताच्या अंड्यांवर मात्र क्लोरीन चालत नाही, जंत झाले असतील तर उकळतं पाणीच ओता.

उन्हाळ्यात दुसरं भांडं तासाभरात खडखडीत वाळतं. श्रावणाच्या झडीत ते तीन दिवस ओलंच राहतं, तेव्हा ते कोरड्या फडक्याने पुसून चुलीजवळच्या उबेला उपडं ठेवा, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर.