काय उचललं होतं?

पेनाचं टोपण पडलं म्हणून वाकलो आणि वाकलेलाच राहिलो.

मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. कमरेत खट्‌कन काहीतरी झालं आणि पुढची दहा मिनिटं मी टेबलाची कड धरून फरशी न्याहाळत उभा. नेमके तेव्हाच साहेब आत आले. शेजारच्या पांडेजींची अजून समजूत आहे की मी साहेबांच्या पाया पडत होतो. बढत्यांचे दिवस आहेत, त्यामुळे समजूत काढणंही अवघड.

रिक्षात घालून घरी आणलं. इंदुरातलं पलासिया ते राजेंद्रनगर, वाटेतला एकेक स्पीडब्रेकर कमरेने मोजला.

भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय उचललं होतं?" सिलिंडर, कपाट, गेला बाजार वर्षाच्या शरबती गव्हाचं पोतं तरी, अशी त्यांची अपेक्षा. "टोपण" म्हटलं की समोरच्याचा चेहराच उतरायचा. तिसऱ्या दिवशी मी गव्हाचं पोतं सांगून टाकलं. आतून बायको ओरडली, "गहू यायचेत अजून!"

आत्याने लांबूनच निदान केलं. "उसण भरलीय. पायाळू बघा कोणी." जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस म्हणजे पायाळू, त्याने कमरेला हलकी लाथ लावली की उसण उतरते म्हणे. होळकरांच्या मागोमाग आमचे पूर्वज माळव्यात आले, तेव्हा हा इलाजही सामानात बांधून आणला असणार. आमच्या कॉलनीत पायाळू एकच. सोसायटीचे सेक्रेटरी. पार्किंगवरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद. निरोप गेला आणि पाचव्या मिनिटाला गृहस्थ दारात हजर. "संकोच करू नका, शेजारधर्म आहे," म्हणत त्यांनी पायातली चप्पल काढली, एवढी सभ्यता दाखवली. आत्याने एक सांगितली होती, त्यांनी तीन लावल्या. उसण होती तिथेच राहिली. गृहस्थ मात्र जाताना माझ्या स्कूटरकडे बघून चक्क हसले.

शेवटी हाडांचे डॉक्टर. मला दोन गोष्टी हव्या होत्या: एमआरआय आणि तीन आठवड्यांची विश्रांती लिहून दिलेला कागद. दोन्ही मिळाल्या नाहीत. पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, लघवीची तक्रार नाही, मग एमआरआयची घाई कशाला, म्हणाले. कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते. आणि अंथरुणात पडून राहायचे दिवस गेले, आता चालतंफिरतं राहायचं. माझा साडू गेली चार वर्षं "एल-फोर, एल-फाइव" या कमरेच्या मणक्यांचा जप असा करतो, जणू त्याचा पिनकोडच आहे. माझ्या वाट्याला साधा आकडासुद्धा नाही!

"मग हे टोपणामुळे झालं?" मी विचारलं.

"टोपी तो बहाना है," डॉक्टर म्हणाले. "नौकरी को कितने साल हुए?"

"एकवीस."

मग त्यांनी समजावलं ते अस्सल इंदुरी पद्धतीने. मणक्यांच्या मध्ये तेवीस गाद्या असतात. मोठ्या माणसाच्या गादीला रक्ताचा पुरवठा जवळपास नसतोच. हालचाल झाली की दाब कमी-जास्त होतो आणि पोषण झिरपत आत जातं. "रसगुल्ला समझिए. दबाया, रस बाहर. छोड़ा, रस अंदर. आप रसगुल्ले पर बैठ गए, भिया, और इक्कीस साल उठे ही नहीं!" १९६०च्या दशकात नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने जित्याजागत्या माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता म्हणे. उभ्यापेक्षा बसल्यावर जास्त, आणि पुढे झुकून बसल्यावर त्याहून जास्त. पुढच्या मोजण्यांत ताठ बसण्या-उभं राहण्यातला फरक फारसा निघाला नाही. पण मी एकवीस वर्षांत ताठ बसलोय कधी? (सुई टोचून घ्यायला तयार झालेली ती माणसं कोण असतील, हा प्रश्न मला अजून छळतो.)

आता दर अर्ध्या तासाने उठायचं, असा हुकूम आहे. मी उठलो की पांडेजींना वाटतं चहा. ते उठतात, त्यांच्यामागे सगळी रांग. कंबर सैल झाली, पण खालच्या टपरीवरची माझी उधारी फुगली. एक फायदा मात्र झाला: सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गराडू (तळलेला कंद) उभ्याने खाणं हे आता पथ्यात मोडतं. बायकोला अजून पटलेलं नाही.

पंधरा दिवसांनी ऑफिसात झाडणाऱ्या बाईंनी कपाटामागून काहीतरी काढलं. वाकल्या, उचललं, उभ्या राहिल्या. एका दमात! मी बघतच राहिलो. सलग सात वेळा स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात पंधरा दिवस पडून राहिलेली वस्तू त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "बाबूजी, आपका है?"

टोपण! मी घाईघाईने पेनाला लावून पाहिलं. बसेना. माझं पेन तर खटक्याचं.

पांडेजींनी मान वर केली. "अरे, ये तो मेरा है. कब से ढूँढ रहा था."