घरबसल्या संघ हलवण्याची सोपी रीत

ऑफसाइड म्हणजे काय असं विचारलं की तुम्ही खिडकीबाहेर बघता, तरीही रविवारी रात्री साडेदहाला अख्ख्या सोसायटीची झोप उडवायची तुमची फार इच्छा आहे? मग अंधेरीत खेळणारा मुंबई सिटीचा फुटबॉल संघ दुसऱ्या शहरात पाठवून द्या. टेम्पो लागत नाही, हमाल लागत नाहीत. एक अंगठा पुरतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या रविवारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो टेकवला. 'मुंबई सिटी अहमदाबादला चालली. पक्की बातमी.' मेसेजच्या शेवटी जोडलेले हात दोन, रडका चेहरा एक.

तर आधी गाव ठरवा. अहमदाबादच घ्या. नागपूर म्हटलंत तर लोक पुरावा मागतील, सोलापूर म्हटलंत तर हसतील. अहमदाबाद म्हटलं की मुंबईचा माणूस काही विचारत नाही, नुसता सुस्कारा सोडतो. सवय झालीय त्याला.

'पक्की बातमी' हे शब्द हवेतच. बातमी फारच कच्ची असेल तर दोनदा घाला.

कोणी सांगितलं, असं विचारलंच कोणी तर 'आतला माणूस आहे आपला' म्हणा. कशाच्या आतला, ते सांगायचं नसतं.

क्लबच्या खुलाशाला घाबरू नका. खुलासा आला तर 'आगीशिवाय धूर निघतो का?' आणि नाही आला तर 'बघा, गप्प आहेत!'

आता इतिहास. इथे तुमचं नशीब जोरावर आहे, कारण भारतीय फुटबॉलने मसाला आधीच कुटून ठेवलाय. 2019 मध्ये दिल्ली डायनामोज उचलून भुवनेश्वरला नेला, नाव ठेवलं ओडिशा एफसी. त्याच वर्षी पुण्याचा संघ बंद, त्याच्या जागी हैदराबाद. हैदराबादने 2022 मध्ये आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वात वरच्या लीगचा चषक जिंकला, आणि 2025 मध्ये तोही दिल्लीला. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादमार्गे दिल्लीत, दिल्लीची आधीच ओडिशात. एवढ्या बदल्या तर तहसीलदाराच्याही होत नाहीत. माझा पुण्याचा मावसभाऊ त्या संघाची जर्सी अजून घालतो, पण फक्त गाडी धुताना.

मुंबईची तऱ्हा वेगळी. इथून संघ जात नाहीत, इथल्या इथे मरतात. 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. मुंबई एफसी 2017 मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि संपला. 1891 पासूनचा रोव्हर्स कप, ज्यासाठी एके काळी कूपरेज मैदानावर गर्दी व्हायची, तोही गेला. तेव्हा कुणाचा रडका चेहरा आल्याचं मला आठवत नाही. असो. त्यात 2025 मध्ये आयएसएलचा हंगामच सुरू होईना, आणि डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीचा मालक, ज्याच्याकडे 2019 पासून मुंबईच्या संघाचा 65 टक्के हिस्सा होता, तो बाहेर पडला. लाकडं इतकी वाळलेली असताना काडी ओढायला अक्कल लागत नाही. म्हणूनच तर हे काम तुम्हाला जमतं.

पुढची पायरी महत्त्वाची. सोसायटीत फिकट निळी जर्सी घालून हिंडणारा जो एक वेडा असेल, त्याला सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये गाठा आणि विचारा, "काय, गेला ना तुमचा संघ?" 'तुमचा'वर जोर द्या. संघ जिंकतो तेव्हा तो 'आपला' असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. 2021 च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला तेव्हा याच लिफ्टमध्ये 'आपण जिंकलो' होतो. आणि 2023 च्या नोव्हेंबरात अल हिलाल हा सौदी संघ मुंबईशी खेळायला नेरुळला आला, तेव्हा तर विचारूच नका. त्यांचा ब्राझीलचा स्टार नेमार येणार होता! काकांनी मला जिन्यात थांबवून चार जागा सांगितल्या: स्वतः, काकू, जावई आणि जावयाचा कोणीतरी. मी तिकिटं काढली. माझ्या पैशांनी. मग ऑक्टोबरात तिकडे नेमारचा गुडघा गेला आणि इकडे काकांचा उत्साह. "त्या दिवशी जरा पाहुणे आहेत रे." सोमवारची रात्र, शेजारी चार रिकाम्या खुर्च्या, आम्ही 2-0 हरलो आणि गाड्या बदलत जोगेश्वरीला आलो. त्या तिकिटांचे पैसे? ते बहुधा अहमदाबादला गेले.

त्यानंतर अंधेरीच्या सामन्याला चला म्हणून मी काकांना किती वेळा म्हटलं असेल! "अंधेरी लांब पडतं रे." अंधेरी. लांब. जोगेश्वरीहून! एक स्टेशन आहे हो ते! तिथून आझाद नगरपर्यंत मेट्रो आहे, पुढे चालत जाता येतं. सात-आठ हजारांचं मैदान, तेसुद्धा भरत नाही, आणि काका, रविवारी तुमच्या मेसेजखाली बेचाळीस माणसं हळहळत होती. त्या बेचाळीसांतला एक जण मला कधी गेटवर दिसलेला नाही.

बास झालं, उपरोध राहू दे. लंडनमध्ये विम्बल्डनचा संघ मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं, तेव्हा तिथल्या लोकांनी 2002 मध्ये स्वतःचा नवा संघ काढला आणि तळापासून वर चढवला. ओहायोतल्या कोलंबसचा संघ मालक 2017 मध्ये ऑस्टिनला न्यायला निघाला, तर लोक सभा घेत सुटले, हंगामी तिकिटांची हमी देऊ लागले, आणि संघ तिथेच राहिला. तुम्ही काय केलंत काका? हात जोडलेत, तेही मोबाइलमधले. उद्या खरंच संघ गेला ना, तर तुमच्यासारख्यांच्या रिकाम्या खुर्च्या दाखवूनच जाईल.

आणि माझा राग फुटबॉलपुरता नाही. सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर बोहारणीला द्यायच्या गठ्ठ्यात, जुन्या साड्यांच्या वर, माझ्या नऊ वर्षांच्या पोरीने तिची निळी जर्सी ठेवली होती. नीट घडी घालून, बाह्या आत दुमडून. मी ती काढून पुन्हा तिच्या कप्प्यात ठेवली आणि सांगितलं, काही कुठे जात नाही संघ. तर म्हणते, "पण वरचे आजोबा म्हणाले ना, पक्की बातमी आहे."

आता 'पक्की' म्हणजे काय ते तिला तुम्हीच येऊन सांगा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. एकच मजला उतरायचाय, अंधेरीपेक्षा जवळ आहे.