‘मॅफिकिंग’ ही शिवी म्हणून जन्मलेली नाही

‘मॅफिकिंग’ (म्हणजे रस्त्यावर उतरून बेभान जल्लोष करणे) हा जुना इंग्रजी शब्द, देशप्रेमाच्या नावाने रस्त्यावर धुडगूस घालणाऱ्या झुंडीला हिणवण्यासाठी युद्धविरोधकांनी घडवला, आणि ती झुंड लंडनच्या गरीब वस्त्यांतून आलेली होती, असे वारंवार लिहिले जाते. शब्दाचा जन्म पाहिला की हे टिकत नाही.

ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर वसाहतकार यांच्यातील बोअर युद्धात, दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या ब्रिटिशांच्या ताब्यातील गावाला बोअरांचा २१७ दिवस वेढा पडला होता. तो उठल्याची बातमी शुक्रवारी, १८ मे १९०० च्या रात्री लंडनला पोहोचली आणि मॅन्शन हाउस या लंडनच्या लॉर्ड मेयरच्या निवासस्थानासमोर माणसांचा पूर लोटला. त्यानंतर तीनच दिवसांनी, २१ मे रोजी, ‘पॉल मॉल गॅझेट’ या लंडनच्या वृत्तपत्राने हे क्रियापद छापले, तेही शब्द घडवण्याची मुभा मागून: आम्ही इथे जसे ‘मॅफिक’ केले, तसे केपटाउननेही करावे, अशी आशा त्या वृत्तपत्राने व्यक्त केली होती. ज्या उत्सवात आपणही सामील आहोत, त्याला कोणी शिवी देत नाही. उपहासाचा रंग शब्दाला चढला तो पुढे, त्या जल्लोषाकडे लोक नापसंतीने मागे वळून पाहू लागले तेव्हा.

गरीब वस्त्यांचा आरोपही सरसकट मान्य करता येत नाही, कारण त्या रात्रीच्या गर्दीत कचेऱ्यांतले कारकून आणि विद्यार्थीही ठळकपणे दिसतात. श्रमिकांवर सगळे ढकलणे हा अन्याय आहे.

काही जण ‘जिंगो’, म्हणजे युद्धखोर देशाभिमानी, हा शब्दही याच युद्धातला मानतात. राजकीय अर्थाने तो १८७८ चा आहे, रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या काळातील एका म्युझिक हॉलच्या गाण्यातून आलेला. शिवाय जिंगो ही वृत्ती आहे, तर मॅफिक करणे ही रस्त्यावरची कृती. दोन्ही एकच समजले की त्यांतला नेमका भेद हरवतो.

सर्वांत मोठी चूक मात्र, गावाचे मूळ नावच इंग्रजी आहे असे धरून चालण्याची. ते दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेतले आहे: मूळ रूप ‘माफिकेंग’, म्हणजे दगडांमध्ये. आपल्या ‘घरी’मधला शेवटचा ‘ई’ जसा स्थळ दाखवतो, तसाच त्यातला शेवटचा प्रत्यय. इंग्रजी कानांना तो क्रियापदाचा ‘इंग’ वाटला, त्यांनी तो गमतीने कापला आणि उरलेल्या तुकड्याचे क्रियापद केले. गावाचे नाव १९८० मध्ये पुन्हा ‘माफिकेंग’ झाले आणि २०१० पासून ते ‘माहिकेंग’ असे लिहिले जाते. ज्या ‘इंग’वरून ते क्रियापद निघाले, तो आता त्या नावात नाही.