विज्ञानकथावाले दुसरं काही वाचतात का?

"ते परग्रह आणि ड्रॅगन सोडून दुसरं काही वाचतेस की नाही?" सायफाय आणि फँटसी वाचणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. सूर ठरलेला, मुलाला 'अभ्यास झाला का' विचारावं तसा. रहस्यकथांवर जगणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. चरित्रांशिवाय कशालाच हात न लावणारी माणसं असतात, त्यांना तर आपण व्यासंगी म्हणतो. चौकशी होते ती आमचीच.

तर सरळ उत्तर: हो, वाचतात. माझ्या ओळखीतले या प्रकाराचे अस्सल वेडे इतर पुस्तकंही अधाशासारखी वाचतात. सगळ्यात जास्त इतिहास. मग रहस्यकथा, प्रवासवर्णनं, लोककथा. विज्ञानावरची पुस्तकं तर आलीच. प्रेमकथा वाचणारेही बरेच आहेत, फक्त चारचौघांत कबूल करत नाहीत. केवळ आणि केवळ हेच वाचणारेही असतात, त्यांच्याकडे शेवटी येते.

इतिहासच का? कारण आमच्या लेखकांनी तिथूनच माल उचललेला असतो. असिमॉवच्या 'फाउंडेशन'मधलं कोसळणारं आकाशगंगेचं साम्राज्य हे इतिहासकार गिबनने लिहिलेल्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरून सुचलेलं आहे, आणि असिमॉवने ते कधी लपवलं नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिनच्या सिंहासनासाठीच्या मारामाऱ्यांमागे इंग्लंडमधली पंधराव्या शतकातली राजघराण्यांची यादवी आहे. एकदा हे कळलं की खऱ्या वाचकाला चैन पडत नाही. त्याला मूळ बघायचं असतं. यात साहित्यनिष्ठा वगैरे काही नाही, निव्वळ चोंबडेपणा आहे. पण या चोंबडेपणाने जितकी माणसं इतिहासाकडे वळली असतील तितकी शाळेतल्या तासाने वळवली असतील असं मला वाटत नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचंच बघा. १९६७च्या एका पत्रात त्याने आपल्याला आवडणारी त्या काळातली पुस्तकं सांगितली आहेत. त्यात असिमॉवच्या विज्ञानकथा आहेत, आणि त्यांच्याही वर त्याने मेरी रेनॉल्टच्या, थीसियस या ग्रीक पुराणातल्या वीरावरच्या दोन ऐतिहासिक कादंबऱ्या ठेवल्या आहेत. रेनॉल्टने काय केलंय, तर ग्रीक पुराणकथेतून चमत्कार काढून टाकलाय. 'द किंग मस्ट डाय'मध्ये बैलाच्या तोंडाचा राक्षस नाहीच. मिनोटॉर ही क्रीटच्या राजवारसाची पदवी आहे. थीसियस तिथे धावत्या बैलाच्या शिंगांवरून उड्या मारणाऱ्यांच्या चमूत जातो, आणि त्या उड्यांचं वर्णन वाचताना राक्षसाची उणीव भासत नाही. आधुनिक फँटसीचा आजोबा ज्याला म्हणतात, त्या माणसाला अद्भुत वजा केलेली पुराणकथा इतकी आवडावी! मला यात विसंगती दिसत नाही. ज्याला एक जग रचण्याची मेहनत ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याने वेगळ्या रीतीने रचलेल्या जगाची किंमत कळणारच.

आणि अगदी मुळाशीच जायचं, तर १८१८चं 'फ्रँकेनस्टाइन' घ्या. अनेक जण तिला पहिली विज्ञानकादंबरी मानतात. त्यातला राक्षस वाचतो, हे सिनेमे बघून कुणाला कळणार नाही. एका झोपडीशेजारच्या आडोशाला लपून तो आतल्या माणसांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. मग एके रात्री रानात त्याला चामड्याची एक बॅग सापडते. आत काही कपडे आणि तीन पुस्तकं: मिल्टनचं आदम आणि सैतानावरचं महाकाव्य, प्लूटार्कची चरित्रं आणि गटेची वेर्थरची प्रेमकहाणी. वेर्थर वाचून तो रडतो. प्लूटार्क वाचून त्याला थोरांविषयी आदर वाटायला लागतो. आणि मिल्टन तो खरा इतिहास समजून वाचतो: आधी स्वतःला आदमशी ताडून बघतो, मग त्याच्या लक्षात येतं की आपलं जास्त जमतं ते सैतानाशी. काव्य, चरित्र, कादंबरी, तिन्ही झालं. आमच्या प्रकारातला हा जवळजवळ पहिला नायक आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा चौफेर वाचलेला आहे.

आता एक मुद्दा जो सहसा कुणी मांडत नाही. विज्ञानकथा वाचून वाचनाची एक खास सवय लागते. हाइनलाइनच्या १९४२च्या एका कादंबरीत पात्र दाराशी येतं, दार मधोमधून रुंदावत उघडतं आणि आतून कुणीतरी त्याला बोलावतं. एवढंच. लेखक दाराची रचना समजावत नाही. पात्रही दचकत नाही. म्हणजे त्या जगात अशी दारं रोजचीच आहेत, हे वाचकाने आपलं आपण ताडायचं आणि पुढे जायचं. पानोपानी असे तुकडे वेचत जगाचे नियम बांधत जायचे, हा आमचा धंदाच आहे.

हीच सवय घेऊन जेन ऑस्टिन उघडा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ची, म्हणजे 'फ्रँकेनस्टाइन'च्या जेमतेम पाच वर्षं आधीची. घरात पाच मुली, आणि वडिलांनंतर इस्टेट मुलींना मिळणार नाही, ती जाणार एका लांबच्या नातेवाइकाकडे. कोण कुणाशी आधी बोलू शकतं, कुणाच्या घरी कुणी पहिल्यांदा जायचं, वर्षाला किती पौंड उत्पन्न म्हणजे माणूस लग्नाच्या बाजारात कुठे उभा, सगळे नियम कडक, आणि ऑस्टिन ते फारसे समजावत बसत नाही. तिचे वाचक त्याच जगात राहत होते, तिला गरज काय? कित्येकांची इथेच दमछाक होते. सायफायवाला मात्र निवांत असतो. त्याच्या दृष्टीने तो आणखी एक ग्रह आहे. फँटसी वाचणाऱ्या बायकांमध्ये (आणि काही पुरुषांमध्ये) ऑस्टिनप्रेम इतकं का आढळतं, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. सुझॅना क्लार्कने २००४ साली त्याच काळातल्या इंग्लंडात जादूगार आणून ऐसपैस कादंबरी लिहिली, तीही तशाच तिरकस, सभ्य सुरात. ती वाचून ऑस्टिनकडे गेलेले लोक मला माहीत आहेत, उलटा प्रवास केलेलेही.

लेखकाचा हात धरूनही माणूस कपाट बदलतो. नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या किती जणांनी 'चार नगरांतले माझे विश्व' घेतलं असेल! ते आत्मचरित्र आहे, आणि साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यावरच, २०१४ साली. एरवी आत्मचरित्राच्या वाटेला न जाणारे लोकही ते वाचून बसलेत.

बाकी प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणाल, तर 'मी फँटसी वाचत नाही' असं ठणकावून सांगणाऱ्या माणसाने 'ययाति' वाचलेली असते. शापाने अकाली आलेलं म्हातारपण बाप मुलाला देतो आणि त्याचं तारुण्य स्वतः घेतो. हे अद्भुत नाही तर काय आहे? इशिगुरोने माणसांचे क्लोन लिहिले, २०१७ साली त्याला नोबेल मिळालं, आणि ते पुस्तक 'साहित्य' म्हणूनच वाचलं गेलं. डोरिस लेसिंगने अंतराळातली पाच पुस्तकांची मालिका लिहिली, १९८७च्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथावाल्यांच्या जागतिक संमेलनाला, ती सन्माननीय पाहुणी होती, वीस वर्षांनी नोबेल. इयन बँक्स तर विज्ञानकथेवर नावात 'एम' घालायचा आणि बाकीच्या कादंबऱ्यांवर काढायचा. सोय विकणाऱ्याची, माणूस तोच.

आता फक्त हेच वाचणारे. त्यांचा लाडका युक्तिवाद असा: आमच्या प्रकारात सगळंच येतं, अंतराळयानावरचा खून आला, राजकारण आलं, प्रेम आलं, मग बाहेर जायचं कशाला? मला हे पटत नाही. यानावरच्या खुनात यानच इतकी जागा खातं की माणूस कोपऱ्यात जातो. ज्या कादंबरीत दोन म्हातारी माणसं एका घरात राहतात आणि वरवर काहीच घडत नाही, ती वाचायला वेगळा धीर लागतो, आणि तो यानावर येत नाही. अशा पुस्तकाला 'यात वर्ल्डबिल्डिंगच (नवं जग रचणंच) नाही' म्हणून बाजूला टाकणारे मी पाहिले आहेत. तिथे मला भांडावंसं वाटतं.

दुसरं नुकसान फँटसीचंच होतं. टोल्किन जुनी इंग्रजी काव्यं, नॉर्स गाथा आणि फिनलंडचं महाकाव्य 'कालेवाला' पचवून लिहायला बसला. त्याच्यानंतरच्या ढीगभर लेखकांनी फक्त टोल्किन वाचला, आणि मग तेच एल्फ, तेच बुटके, तोच काळा सम्राट, तीन-तीन खंडांत. ज्याने बाहेरचं काही वाचलेलं नाही, त्याला ही नक्कल नवीच वाटते आणि तो चौथ्या खंडाची वाट बघतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने ओळखीच्या जगात तासभर पाय पसरले तर त्याला मी काही म्हणणार नाही. पण स्वतःला या साहित्याचा जाणकार म्हणवणाऱ्याला ही सूट नाही.

अशांना मी क्लासिक्सची यादी देत नाही. आवडत्या लेखकाने काय वाचलं होतं तेवढं बघा म्हणते. फ्रँक हर्बर्टची वाळवंटी ग्रहावरची कादंबरी 'ड्यून' वाचून झालीय? मग लेस्ली ब्लांचचं 'द सेबर्स ऑफ पॅराडाइज' घ्या, १९६०चं, म्हणजे 'ड्यून'च्या पाच वर्षं आधीचं. कादंबरी नाही, इतिहास आहे: कॉकेशसच्या डोंगरांत इमाम शामिलने रशियाच्या झारशी वर्षानुवर्षं दिलेल्या लढ्याचा. 'ड्यून'मधलं वाळवंट नाही, महाकाय किडे नाहीत, मसाला नाही. 'ड्यून'मधली चाकोब्सा ही भाषा मात्र तिथेही भेटेल.