स्वप्नाआधीचा न वटलेला चेक

अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणावरचा, त्याचं मराठी भाषांतर देणारा लेख वाचला. भाषणाचं सगळं बळ त्या लेखात 'माझं एक स्वप्न आहे' या पालुपदावर टाकलंय. पण ते पालुपद येतं शेवटाकडे. त्याआधी पाया घातला जातो तो चेकच्या रूपकानं. अमेरिकेची राज्यघटना आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणजे वचनचिठ्ठी, कृष्णवर्णीयांच्या हाती पडलेला चेक मात्र 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा शेरा मारून परत आलेला. इथे उपकार मागितलेले नाहीत, थकबाकी मागितलीय. म्हणून लगेच 'हीच ती वेळ' चार वेळा येतं. वसुलीला तारीख लागतेच!

भाषणाच्या सुरुवातीचं, लिंकनच्या गुलाममुक्तीच्या घोषणेची आठवण देणारं 'शंभर वर्षांपूर्वी' हे लेखातलं भाषांतरही सपक आहे. मूळ मोजणी विसांची, 'पाच विसा वर्षांपूर्वी' अशी. राष्ट्राध्यक्ष लिंकननं गेटिसबर्गच्या गाजलेल्या भाषणात 'चार विसा आणि सात' म्हटलं होतं, आणि किंग लिंकनच्याच स्मारकापुढे उभे होते. आपल्याकडे जुनी माणसं विसांतच मोजायची, मग तो प्रतिध्वनी का घालवायचा? शिवाय पुढे 'शंभर वर्षं उलटली, तरी' हे चार वेळा ठोकायचंय. तो आकडा आधीच खर्चला की ठोका बोथट होतो.