रोमन शहरबांधणीचे सगळे गेम म्हणजे ‘सीझर ३’च? या दाव्याचा प्रतिवाद

रोमन काळातल्या शहरबांधणी गेमांचा विषय निघाला की एक ठरलेलं मत हमखास पुढे केलं जातं. ते थोडक्यात असं: ‘सीझर ३’ हा मूळ गेम आणि बाकीचे त्याच्या नकला. मूळ गेमही नशिबावरच चालतो, कारण त्यातली माणसं रस्त्यावर वाटेल तशी फिरतात. पुढच्या गेमांनी हा दोष काढून टाकला. म्हणून ‘अ‍ॅनो ११७’ हा नवा गेम आल्यावर १९९८ चा ‘सीझर ३’ खेळण्यात अर्थ नाही, आणि तसाही तो आजच्या संगणकावर नीट चालत नाही. जोडीला एक शिफारसही असते, की रोमचा इतिहास कळायला हे गेम पुरेसे आहेत.

हे मत एवढ्या वेळा सांगितलं गेलं आहे की नवे खेळाडू ते तपासत नाहीत आणि एका उत्तम गेमला मुकतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. तुलनेसाठी कसोटी एकच धरायची: सेवा घरापर्यंत पोहोचते कशी? पाणी, धान्य, वैद्य, शाळा या गोष्टी दारात कशा येतात यावर शहराचा सगळा आराखडा ठरतो. ग्राफिक्स आणि इमारतींची नावं त्यानंतर येतात.

‘माणसं वाटेल तशी फिरतात, म्हणून हा नशिबाचा खेळ’

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे, म्हणून इथे थांबून सविस्तर बघायला हवं.

‘सीझर ३’ मध्ये दोन प्रकारचे वॉकर, म्हणजे रस्त्यावर चालणारी माणसं, असतात. पहिल्या प्रकाराला ठरलेलं ठिकाण असतं: हातगाडीवाला गोदामाकडे जातो, बाजाराची खरेदीदार बाई धान्यकोठाराकडे जाते, नवं कुटुंब रिकाम्या घराकडे जातं. हे जवळची वाट धरतात, त्यांच्यात नशिबाचा काही भाग नाही. दुसरा प्रकार फेरी मारणाऱ्यांचा: माल वाटणारी बाजारवाली, वैद्य, न्हावी, पुजारी, शिक्षक. ‘वाटेल तशी’ हा आरोप यांच्यावर असतो. पण हेही नियमानेच निघतात. इमारत आपला वॉकर चार दिशांना पाळीपाळीने पाठवते. तो आधी त्या दिशेला सुमारे आठ टाइलांवरचा (टाइल म्हणजे नकाशाचा एक चौकोन) रस्ता गाठतो, मग तिथून भटकतो. बहुतेकांची फेरी सुमारे २६ टाइलांची असते, आणि ती संपली की तो जवळच्या वाटेने परततो. प्रीफेक्ट (आग विझवणारा पहारेकरी) आणि इंजिनीअर (इमारतींची डागडुजी करणारा) यांची फेरी याहून बरीच लांब असते. वॉकर ज्या रस्त्याने जातो त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टाइलांपर्यंतच्या घरांना सेवा मिळते.

अंदाज चुकतो तो चौकात. तीन किंवा चार रस्ते मिळाले की वॉकर कुठे वळेल हे सांगणं कठीण होतं. बिघाड म्हणून जे दाखवलं जातं ते जवळजवळ नेहमी याच एका कारणाने होतं: खेळाडूने बुद्धिबळाच्या पटासारखे उभे-आडवे रस्ते आखलेले असतात. अशा जाळ्यात २६ टाइलांच्या फेरीत सहा-सात चौक येतात. एखाद्या गल्लीत बाजारवाली दोन-तीन फेऱ्या फिरकतच नाही, घरातला माठ-मडक्यांचा किंवा अन्नाचा साठा संपतो, घर एक पायरी खाली उतरतं (सेवा मिळाल्या की घराचा दर्जा चढतो, तुटल्या की उतरतो) आणि जादा माणसं बाहेर पडतात. माणसं गेली की कारखान्यात हात कमी पडतात, मग मडकी आणखी कमी. पडझड सुरू होते ती अशी.

उपाय साधा आहे आणि मूळ गेममध्येच आहे.

चौक नसलेला बंद रस्ता आखा, चौकोनी, एकूण घेर ५० टाइलांच्या आत. घरं रस्त्यालगत दोन टाइलांत ठेवा. बाजार, वैद्य, न्हावी, स्नानगृह, शाळा आणि देऊळ यांची दारं याच रस्त्यावर उघडू द्या. मग या वळशाला बाहेरच्या रस्त्याशी एकाच ठिकाणी जोडा आणि त्या जोडावर वेस बांधा. त्यासाठी तटबंदी लागत नाही, वेस नुसत्या रस्त्यावरही बसते. फेरीवाला वॉकर वेशीतून बाहेर पडत नाही. ठरलेल्या ठिकाणी जाणारा मात्र आरपार जातो. त्यामुळे खरेदीदार बाई बाहेरच्या कोठारातून गहू आणते आणि वाटप करणारी आतच राहते. ‘फॅरो’ (१९९९) या इजिप्तवरच्या गेममध्ये याच कामासाठी वेगळा रोडब्लॉक, म्हणजे फेरीवाल्यांना अडवणारा अडथळा, आला. ‘सीझर ३’ मध्ये तो नाही, पण वेशीने भागतं.

तरी घरं वर चढत नसतील तर घरावर राइट-क्लिक करा. कशाची उणीव आहे ते तिथे लिहिलेलं असतं. इतकं स्पष्ट उत्तर देणाऱ्या गेमला नशिबाचा खेळ म्हणणं अन्यायाचं आहे.

शिवाय पाण्याला वॉकर लागतच नाही. जलाशयाचा पल्ला १० टाइल, कारंज्याचा ४ (वाळवंटी नकाशात ३), विहिरीचा २. कारंजं जलाशयाच्या पल्ल्याबाहेर असेल तर ते कोरडं राहतं, आणि विहिरीवरची घरं झोपड्यांच्या पायरीपुढे जात नाहीत. कामगारांचाही नियम असाच ठाम आहे. कारखान्याचा भरती करणारा माणूस एखाद्या वस्तीच्या घराजवळून गेला की पुरे, मग कामगार सगळ्या शहरातून मिळतात. म्हणून दूरच्या खाणीशेजारी चार-पाच तंबू, एक विहीर आणि एक प्रीफेक्ट एवढं लावलं की खाण चालू राहते. प्रीफेक्ट विसरू नका, तंबू पेटायला वेळ लागत नाही.

‘पुढच्या गेमांनी दोष काढला’

टिल्टेड मिल या कंपनीचा ‘सीझर ४’ २००६ मध्ये आला. त्यात बहुतेक सेवांना इमारतीपासून ठरावीक पल्ला मिळाला आणि इमारत ठेवतानाच तो दिसतो. इथपर्यंत ते सोपं झालं, हे मान्य. पण अडचण तिथून उठून दुसरीकडे गेली, आणि ती कुठे गेली हे कळायला ‘सीझर ३’ मधला एक प्रसिद्ध सापळा समजून घ्यावा लागतो.

‘सीझर ३’ मध्ये घर आपणहून चढतं, अगदी लहान तंबूपासून आलिशान महालापर्यंत, एकूण वीस पायऱ्या. मोठ्यात मोठ्या इन्सुलात (चाळवजा घरात) ८४ माणसं राहतात. त्याला वाइन मिळाली आणि परिसर चांगला असला की त्याचा लहान व्हिला होतो, आणि तिथे फक्त ४० माणसं मावतात. शिवाय व्हिलातले पॅट्रिशियन, म्हणजे श्रीमंत उमराव, काम करत नाहीत. हिशेब करा: अशी दहा घरं एकदम चढली तर ८४० जणांच्या वस्तीतून ४४० जण बेघर होतात आणि उरलेले ४०० कामातून उठतात. शेतं, कोठारं, कारंजी सगळीकडे मनुष्यबळाचा तुटवडा एकाच महिन्यात येतो. खेळाडू म्हणतो, गेमने दगा दिला. खरं तर त्याने वाइन सगळ्या शहरात एकाच वेळी पोचू दिलेली असते. व्हिलांसाठी वेगळा वळसा आखायचा, त्याला स्वतःचा बाजार द्यायचा, वाइनचं गोदाम कष्टकरी वस्तीच्या बाजारांपासून लांब ठेवायचं, आणि आधी इन्सुलांची वस्ती वाढवून मग एकेक व्हिला होऊ द्यायचा. सगळ्यात वरच्या पायऱ्यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणांची वाइन लागते, म्हणजे घरची असली तरी आयात करावीच लागते. तेव्हा व्यापारी मार्ग आधी उघडून ठेवा.

‘सीझर ४’ ने हा सापळा काढला. प्लेबियन (सामान्य कष्टकरी), इक्विटी (मधला वर्ग) आणि पॅट्रिशियन यांची घरं तुम्ही वेगवेगळी बांधता आणि एका वर्गाचं घर दुसऱ्याचं होत नाही. पण आता वर्गांचा तोल तुमच्या गळ्यात आला. शेती आणि कारखाने प्लेबियनांवर चालतात, दवाखाने, शाळा, करमणूक इक्विटींवर. इक्विटी कमी पडले तर हजार प्लेबियन रिकामे बसले तरी दवाखाना बंदच. हा नवा गेम आहे. त्याला जुन्याची दुरुस्ती म्हटलं की दोन्हींची ओळख पुसली जाते.

‘बाकीचे नकलाच’

फायरफ्लायचा ‘सिव्हसिटी: रोम’ (२००६) घ्या. तिथे दारात कोणी काही आणत नाही, रहिवासी स्वतः उठून दुकानात जातो. म्हणून वेळ आणि चालणं याची किंमत आहे: घर, दुकान आणि कामाची जागा यांतलं अंतर वाढलं की माणूस दिवसभर वाटेवरच राहतो. ‘सीझर ३’ चा बंद वळसा इथे उपयोगाचा नाही, दाट आणि मिश्र वस्ती हवी.

बल्गेरियाच्या हेमिमॉन्टने तर याच काळावर तीन गेम केले: ‘ग्लोरी ऑफ द रोमन एम्पायर’ (२००६), ‘इम्पेरियम रोमानम’ (२००८) आणि ‘ग्रँड एजेस: रोम’ (२००९). शेवटच्यात अन्नासारख्या मालाचा साठा नसतो, प्रवाह असतो. शेत ठरावीक क्षमता देतं आणि प्रत्येक घर त्यातला वाटा अडवून ठेवतं. ‘सीझर ३’ मध्ये २,४०० मापांचं भरलेलं कोठार वाईट वर्ष निभावून नेतं. इथे शिल्लक टाकायची सोयच नाही. क्षमतेच्या काठावर शहर नेलं आणि एक शेत गेलं की लगेच टंचाई. ‘सीझर’ची सवय असलेला खेळाडू इथे हटकून एक चूक करतो: पैसे आहेत म्हणून घरं वाढवतो. आधी शेत, मग घर, हा क्रम इथे मोडायचा नाही.

आणि ‘अ‍ॅनो ११७: पॅक्स रोमाना’, नोव्हेंबर २०२५ चा. हा सीझर घराण्याचा नाहीच, त्याची वंशावळ अ‍ॅनोची आहे. माल बेटाच्या सामाईक गोदामात जमा होतो आणि घरांना तिथूनच मिळतो, बाजारवाली नाही. सार्वजनिक इमारतींना पल्ला असतो. एका बेटावर जे पिकत नाही ते जहाजाने आणायचं, त्यामुळे लॅटियम आणि अल्बियन या दोन प्रांतांमधले मार्ग हाच खेळाचा कणा आहे. घर वरच्या वर्गात न्यायचं की नाही हेही तुम्ही ठरवता, ते आपोआप चढत नाही. तरी इथेही वर्गागणिक मनुष्यबळ वेगळं असल्याने सगळ्यांना वर नेलं की खालच्या वर्गाची कामं अडतात. ‘सीझर ३’ मध्ये जे न सांगता होतं ते इथे तुमच्या हाताने होतं, एवढंच साम्य. एक आला म्हणून दुसरा कालबाह्य ठरावा इतके हे गेम जवळचे नाहीत.

‘रोम कळायला पुरेसे’

इमारतींची नावं आणि व्यापाराचा माल कळतो, ते चांगलंच आहे. पुढे मात्र सावध राहावं. रोमन श्रीमंताचं शहरातलं घर म्हणजे डोमस. व्हिला हे मुख्यतः शहराबाहेरचं, बहुधा शेतजमिनीसह असलेलं घर. ‘सीझर ३’ मध्ये इन्सुला वाढून व्हिला होते, खऱ्या रोममध्ये भाड्याच्या खोल्यांची चाळवजा इमारत अशी बदलत नव्हती.

जलसेतूंचं चित्र आणखी फसवं आहे. गेममध्ये जलाशय नदीकाठी ठेवला आणि नळ कुठेही वळवला की पाणी वाहतं. प्रत्यक्षात सगळी करामत उताराची होती. आजच्या फ्रान्समधल्या नीमच्या जलवाहिनीची लांबी सुमारे ५० किलोमीटर आणि एकूण उतार फक्त १२.६ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी २५ सेंटिमीटर. इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्रॉन्टिनसने चोरून जोडलेल्या नळांबद्दल लिहून ठेवलं आहे. तो प्रश्न अजून कुठल्या शहरबांधणी गेमने घ्यावा तसा घेतलेला नाही, आणि घेतला तर किती बहार येईल!

धान्याच्या बाबतीत मात्र ‘सीझर ३’ वर जेवढी टीका होते तेवढी योग्य नाही. त्यात बाजारातलं अन्न लोकांना पैसे न मोजता मिळतं. रोममध्ये सरकारी धान्यवाटप होतं, आणि सम्राट ऑगस्टसच्या स्वतःच्या नोंदीनुसार त्याचे लाभार्थी एका टप्प्यावर दोन लाखांहून थोडे अधिक होते. गेमने ते सगळ्या साम्राज्याला लावलं, ही अतिशयोक्ती झाली, पण मुळात आधार आहे.

‘आता चालतच नाही’

मूळ गेम १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही, हे खरं. पण ‘ज्युलियस’ आणि ‘ऑगस्टस’ ही दोन मुक्तस्रोत इंजिनं (जुना गेम नव्या संगणकावर चालवणारे प्रोग्राम) मोफत मिळतात आणि विंडोज, मॅक, लिनक्स व अँड्रॉइडवर चालतात. दोन्हींना मूळ गेमच्या फाइली लागतात, म्हणून गेम विकत घेतलेला हवा. तो डिजिटल दुकानांतून मिळतो. गेम बसवायचा, इंजिन उतरवून घ्यायचं, पहिल्यांदा सुरू करताना ते मूळ फोल्डर विचारतं ते दाखवायचं. एवढंच काम.

निवड कशी करायची? ‘ज्युलियस’ मूळ नियम जसेच्या तसे ठेवतो, रुंद पडदा देतो आणि जुनी सेव्ह फाइल उघडतो. वर सांगितलेला वेशीचा डाव शिकायचा तर हाच घ्या. ‘ऑगस्टस’ नियम बदलतो: खरा रोडब्लॉक देतो, बाजाराने कुठला माल आणायचा नाही हे सांगू देतो (वाइनचा सापळा तिथेच मिटतो), आणि मूळची २,००० इमारतींची मर्यादाही उठवतो. एक काळजी घ्या. ‘ऑगस्टस’ जुनी सेव्ह उघडतो, पण त्याने साठवलेली सेव्ह मूळ गेममध्ये किंवा ‘ज्युलियस’मध्ये परत उघडत नाही. चालू शहर त्यात नेण्याआधी सेव्ह फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा.