हेडवर छिद्र दिसलं म्हणून हेड भंगारात काढू नका

गॅरेजवाल्यांमध्ये आणि गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर (सिलिंडरांवरचं झाकण) किंवा क्रँककेसवर (क्रँकशाफ्ट बसतो ते कवच) एकही छिद्र किंवा रेघ दिसली की माल रिजेक्ट. नखाला लागत नाही ती चीर नव्हे. पृष्ठभाग चकचकीत म्हणजे कास्टिंग (ओतीव काम) अव्वल. शंका आली तर वेल्डिंग मारून घ्या. हे मानून चांगली हेडं भंगारात जातात आणि चिरलेली पुन्हा गाडीवर चढतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी छिद्रांचं. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन ओढून घेतं. गोठताना मात्र त्याची हायड्रोजन मुरवून घ्यायची क्षमता साधारण विसाव्या भागावर येते. उरलेला वायू बारीक पोकळ्या करून आत अडकतो. डीगॅसिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूतला वायू आधीच काढून टाकल्याने, त्या घटतात, पूर्ण जात नाहीत. म्हणूनच कोणत्या पृष्ठभागावर केवढी आणि किती छिद्रं चालतील, हे कारखान्यात आधीच ठरवलेलं असतं. बाहेरच्या रिबवरचं (उठावाच्या पट्टीवरचं) अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र कुणाचं काही बिघडवत नाही. तेच छिद्र गॅस्केटच्या फायर रिंगखाली (ज्वलनकक्षाभोवतीच्या कड्याखाली), ज्वलनकक्ष आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये असेल, तर ते हेड मी बसवणार नाही. छिद्राची घडणही बघा. आतून गुळगुळीत आणि गोल असेल तर ते वायूचं. वेडंवाकडं, खरखरीत, स्पंजासारखं असेल तर धातू आकसल्याचं. हा दुसरा प्रकार जाड भागात येतो आणि त्याच्या पोकळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या असू शकतात. पाणी झिरपतं ते बहुधा तिथूनच. मला भीती वाटते ती त्याची.

रेघेवर बोट फिरवा. वर उठलेली असेल तर ती पार्टिंग लाइन (साच्याचे भाग जुळतात तिथली रेघ) असेल, नाहीतर डायच्या, म्हणजे साच्याच्या, पोलादाला उष्णतेने पडलेल्या भेगांचा ठसा. जाळीसारख्या त्या उठावदार रेघा म्हणजे डायचं म्हातारपण, पार्ट फुटलेला नसतो. आत दबलेली, गोलसर काठांची रेघ मात्र कोल्ड शट असू शकते: धातूचे दोन प्रवाह थंड होत भेटले आणि एकजीव झालेच नाहीत. भार येणाऱ्या जागी तिला चीरच समजा. आणि खरी चीरसुद्धा दर वेळी रिजेक्ट नसते. फोक्सवागेनच्या काही इंजिनांच्या दुरुस्ती पुस्तिका दोन व्हॉल्व्ह सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधली बारीक चीर ठरावीक रुंदीपर्यंत चालवून घेतात. आपल्या इंजिनाची पुस्तिका काय म्हणते ते आधी वाचा.

नखाच्या परीक्षेवर तर अजिबात विसंबू नका. थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन पडणारी, चीर सुरुवातीला केसाहून बारीक असते. त्यात अ‍ॅल्युमिनियम मऊ. एमरी (घासकागद) किंवा शॉट ब्लास्टिंगने (बारीक छऱ्यांच्या माऱ्याने) धातू चिरेच्या तोंडावर लिंपला जातो आणि चीर झाकली जाते. लोहचुंबकाची तपासणी इथे चालतच नाही. हेड रसायनाने धुवा, चिरेत मुरणारा लाल रंग (डाय पेनिट्रंट) लावून मुरू द्या, पुसून पांढरा डेव्हलपर (मुरलेला रंग वर ओढणारा थर) मारा. चीर सलग लाल रेघ दाखवते, छिद्रं ठिपके दाखवतात. जुने कारागीर हेच काम रॉकेल आणि खडूने करत. हेडची मात्र त्यानंतरही प्रेशर टेस्ट हवी, तीही गरम पाण्यात, कारण काही चिरा हेड तापल्यावरच उघडतात.

चकचकीतपणाला मी फारसा भाव देत नाही. डायकास्ट (साच्यात दाबाने धातू भरून केलेल्या) पार्टची वरची साल दाट असते, पण ती मिलिमीटरभरही जाड नसते. पोकळ्या तिच्या खाली दडलेल्या असतात आणि मशिनिंग केल्यावर उघड्या पडतात.

राहिलं वेल्डिंग. डायकास्ट पार्टमध्ये दाबाखाली कोंडलेली हवा आच लागताच फुगते आणि वेल्डमध्ये बुडबुडे सोडते. उष्णोपचार केलेलं हेड असेल तर वेल्डच्या आजूबाजूला ते मऊ पडतं. नुसत्या झिरपणाऱ्या छिद्रांसाठी कारखान्यात इम्प्रेग्नेशन करतात: निर्वातात पोकळ्यांमध्ये रेझिन भरायचं, वरचं धुवायचं, मग सुमारे 90 अंशांच्या पाण्यात ते पक्कं करायचं. गळती त्याने थांबते, ताकद वाढत नाही. चिरेसाठी वेल्डिंगशिवाय गत्यंतर नसेल, तर हे काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या, आणि हेड परत आल्यावर कडकपणा, सपाटी आणि प्रेशर टेस्ट तिन्ही करून घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नका.